लडाखला निघालीस ना, मग ऐक

भाचीबाई, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढलीस, कबूल. पण विमानातून उतरून राहशील ते लेह शहर साडेतीन हजार मीटरवर. आपलं कळसूबाई १६४६. दोन कळसूबाई एकावर एक ठेव, तरी वर उरतंच. म्हणून पहिले दोन दिवस नुसतं लोळायचं. मी पहिल्याच संध्याकाळी तिथला नऊ मजली राजवाडा बघायला धावलो. तिसऱ्या मजल्यावर भिंत धरून बसलो, आणि माझ्या आईच्या वयाची एक बाई पाठीवर गवताचा भारा घेऊन खालच्या गल्लीतून आरामात गेली. डोकं ठणकत असेल तर वर जायचं नाही, वाढलं तर खाली उतरायचं. गोळ्यांचं डॉक्टरांना विचारून ठेव.

मारखा खोऱ्यात चालताना पाण्याचं गणित उलटं असतं. आपल्याकडे ओढा ढग बघून फुगतो, तिथे ऊन बघून. दिवसभर बर्फ वितळतं आणि सकाळी घोट्याला लागलेलं पाणी दुपारी मांडीला येतं. पूल नसेल तिथे सकाळीच पलीकडे हो. बूट काढून अनवाणी शिरू नकोस, पाय बधिर होतात आणि खालचा गोटा कळत नाही. जुन्या चपला वेगळ्या ने, मागे पट्टा असलेल्या.

हवा इतकी कोरडी की घाम आल्याचं समजतच नाही. तहान लागायची वाट न बघता घोट घोट पीत राहा. नाकात रात्री तुपाचं बोट फिरव. लोक महागडी मलमं नेतात, मला तूपच मानवलं.

वाटेत मंत्र कोरलेल्या दगडांची लांबच लांब भिंत लागेल. ती उजव्या हाताला ठेवून जायचं. त्यातला दगड उचलून पिशवीत टाकणारे आपलेच लोक मी पाहिलेत. तू हातही लावू नकोस. घरात उतरशील तिथे संडास कोरडा असतो. पाणी ओतायचं नाही, कोपऱ्यातली माती फावड्याने ढकलायची. त्याचं खत पुढे जवाच्या शेतात जातं. पाणी ओतलंस तर घरमालकीण हसून ‘जुले’ म्हणेल, पण खताची नासाडी झाली असेल.

अल्चीला मात्र अख्खा दिवस दे. तिथल्या तीन मजली देवळात उभ्या बोधिसत्त्वांची डोकी वरच्या मजल्यात गेलेली आहेत. सगळे माना वर करतात. तू खाली बघ. अवलोकितेश्वराच्या धोतरावर देवळं, वाडे, माणसं अशी आख्खी वस्ती रंगवलेली आहे, आणि बाकी दोघांच्या धोतरांवरची चित्रं आणखी वेगळी. आत अंधार असतो, डोळे सरावायला वेळ दे. फोटो काढायचा नाही, भिंतीला पाठ टेकायची नाही.

आणि हो, बाजारातून वाळलेले जर्दाळू आण. बिया टाकू नकोस, पण एक फोडून चाखून बघ. कडू निघाली तर दुसऱ्या दुकानात जा.