ओठ का उलतात?

ओठ उलणे हा काय लेखाचा विषय झाला, असे माझ्या काही वर्गमित्रांना वाटेल. पण आपल्या वर्धा जिल्ह्यात ऐन हिवाळ्यात ज्याचे ओठ कधीच उलले नाहीत असा माणूस विरळाच! मी कला शाखेचा विद्यार्थी. तरी गृहअर्थशास्त्राच्या बाईंकडून व ग्रंथालयातील पुस्तकांतून जे समजले ते येथे मांडत आहे.

आपल्या कातडीत घाम आणि तेल सोडणाऱ्या ग्रंथी असतात. हे तेल कातडीतील ओलावा राखते. ओठांना घर्मग्रंथी नाहीत, तेलाच्या ग्रंथी असून नसल्यासारख्या. शिवाय तेथील कातडी अतिशय पातळ. म्हणूनच आतले रक्त झळकून ओठ लालसर दिसतात. हिवाळ्यातील कोरडा वारा ओठांतला ओलावा चटकन ओढून घेतो. उन्हाळ्यात पारा कधी ४५ अंशांच्याही वर जातो, तेव्हा उन्हाने व पाणी कमी प्यायल्याने तेच घडते.

ओठ सुकले की आपण जीभ फिरवतो. क्षणभर बरे वाटते. पण थुंकी वाळताना ओठ अधिकच कोरडे पडतात आणि थुंकीतील पाचक द्रव्ये नाजूक कातडीला झोंबतात. त्यापेक्षा तुपाचे बोट फिरवावे. आपल्या आज्यांचा हा उपाय शास्त्राला धरूनच आहे.

मात्र जिवणीचे कोपरे चिरले तर गोष्ट वेगळी. आमच्या गावी कापूस वेचणाऱ्या बायांच्या, माझ्या आईच्याही, तोंडाला अशा चिरा मी पाहिल्या आहेत. ‘हवा लागली, दुसरं काय!’ असे त्या म्हणतात. पण हवा तर साऱ्या गावाला लागते. अशा चिरांमागे पुष्कळदा ब-२ जीवनसत्त्वाची किंवा लोहाची उणीव असते; कधी बुरशीही असते. ब-२ दूध, अंडी, डाळी व पालेभाज्यांतून मिळते. आमच्याकडे दूध डेअरीला जाते, घरात कोरा चहा उकळतो आणि बाई सर्वांच्या मागून उरलेले जेवते. भाजी शिजवलेले पाणी फेकले तर त्याबरोबरही हे जीवनसत्त्व जाते. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने हातसडीच्या तांदळाचा आग्रह धरला, तो कोंड्यातले असे सत्त्व वाया जाऊ नये म्हणूनही.

आणखी एक सांगावेसे वाटते. खर्रा खाणाऱ्याच्या ओठावरील किंवा तोंडातील जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टरांना दाखवावी. ती कर्करोगाची सुरुवात असू शकते. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आपल्यापासून दूर नाही.

तेव्हा मित्रहो, ओठ उलले तर तूप लावा. पण घरात कोणाच्या जिवणीचे कोपरे चिरलेले दिसले, तर त्या माणसाच्या ताटात काय पडते तेही एकदा पाहा.