थंडीतली कुंडीबाग : छोट्या अंगणात फुलं आणि फुलांसोबत अभ्यास



पाऊस सरला की शाळेचं अंगण एकदम ओकंबोकं दिसायला लागतं. पावसाळ्यात आपोआप उगवलेलं गवत वाळतं, कुंपणाकडचा तेरडा संपतो आणि उरते ती माती. बऱ्याच जणांना वाटतं की झाडं लावायची ती पावसाळ्यात. मोठ्या झाडांसाठी ते बरोबरच आहे. पण रंगीबेरंगी हंगामी फुलांसाठी आपल्याकडचा सगळ्यात चांगला काळ म्हणजे शरद, हेमंत आणि शिशिर. ऊन कोवळं असतं, रात्री थंड असतात, पावसाचा मारा नसतो आणि फुलं झाडावर जास्त दिवस टिकतात.

आमची शाळा बीड जिल्ह्यातली, दोन शिक्षकी. अंगण जेमतेम, त्यात निम्म्या भागात फरशी. त्यामुळे आम्ही कुंड्यांचा मार्ग धरला. घराच्या ओट्यावर, गॅलरीत किंवा शाळेच्या व्हरांड्यात, कुठेही जमेल अशी ही बाग आहे. ती कशी करायची आणि तिच्यातून मुलांना काय काय शिकवता येतं, ते या लेखात पाहू.

१) आधी ऊन शोधा

कुंडी कुठे ठेवायची हे रोप आणण्याआधी ठरवायचं. हंगामी फुलझाडांना रोज किमान चार-पाच तास ऊन लागतं. थंडीत सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, त्यामुळे उन्हाळ्यात जिथे भरपूर ऊन येतं तिथे डिसेंबरात सावली असू शकते. आमच्या भागात २२ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारीसुद्धा सूर्य डोक्यावर येत नाही, क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर असतो. म्हणजे सहा फुटी भिंतीची सावली भर दुपारी उत्तरेकडे सुमारे साडेपाच फूट पडते. त्या पट्ट्यात कुंडी ठेवली तर पानं भरपूर येतील, फुलं मात्र येणार नाहीत.

हे मुलांना सांगण्यापेक्षा करू द्या. सकाळी १०, दुपारी १२ आणि ३ वाजता खडूने सावलीची कड फरशीवर आखायला लावा. तिन्ही वेळा उन्हात राहिलेली जागा म्हणजे आपल्या कुंड्यांची जागा. दर महिन्याच्या एकाच तारखेला १२ वाजताची रेघ पुन्हा आखली तर सूर्य "सरकतो" हे मुलं स्वतः बघतात. दक्षिणायन हा शब्द मग पाठ करून घ्यावा लागत नाही.

२) कुंडी आणि माती

कुंडी विकतच आणली पाहिजे असं नाही. रंगाचे रिकामे डबे, तेलाचे डबे, फुटका माठ, तळ चांगला असलेली बादली, काहीही चालतं. रंगाचा डबा आतून खरवडून धुऊन घ्या आणि तळाला तीन-चार भोकं पाडा. भोकावर खापराचा तुकडा उपडा ठेवायचा, म्हणजे पाणी जातं आणि माती राहते.

आमच्याकडे काळी माती. ती पाणी धरते, पण वाळली की दगडासारखी होते आणि मुळं गुदमरतात. म्हणून नुसती काळी माती भरू नका. प्रमाण सोपं आहे : दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग वाळू. लाल माती असेल तर वाळू कमी करून खत थोडं वाढवा. ताजं शेण घालू नका, त्याच्या उष्णतेने मुळं जळतात.

कुंडी काठोकाठ भरायची नाही. वरती दोन बोटं जागा ठेवली की घातलेलं पाणी माती घेऊन बाहेर सांडत नाही.

३) कोणती रोपं लावावीत?

झेंडू : सगळ्यात खात्रीचा. बी चार ते सात दिवसांत उगवतं. बुटका झेंडू कुंडीला चांगला. मुलांना एक फूल सुटं करू द्या. आपण ज्याला पाकळी म्हणतो ती प्रत्येक एक छोटं फूल असतं, आणि तिच्या तळाशी बी धरतं. एका झेंडूत किती फुलं, हे मोजताना वर्गात चांगलीच धांदल उडते.

शेवंती : नोव्हेंबरात कळ्या असलेलं रोप रोपवाटिकेतून आणा. फुलं संपल्यावर टाकून देऊ नका. बुडाशी फुटवे येतात, ते वेगळे करून पुढच्या वर्षीची रोपं होतात.

नॅस्टर्शियम : बी वाटाण्याएवढं मोठं, म्हणून पहिली-दुसरीच्या मुलांच्या हाताला सोपं. पान गोल, छत्रीसारखं. पानावर पाण्याचा थेंब टाकला तर तो अळूच्या पानावरच्यासारखा मोत्यासारखा घरंगळतो. या झाडाला खत कमी द्या. खत जास्त झालं की नुसता पाला वाढतो.

कॅलेंड्युला : पिवळी-केशरी फुलं. बी चंद्रकोरीसारखं वाकडं, मुलांना फार आवडतं.

पिटुनिया : रंग खूप, फुलंही खूप. पण बी धुळीसारखं बारीक असतं, त्यामुळे तयार रोपंच आणा.

डायंथस, फ्लॉक्स, ॲस्टर : तिन्ही थंडीत छान येतात. पॅन्सीला चांगली थंडी लागते. कोकणातल्या दमट हवेत तिच्या नादी न लागता झेंडू आणि सदाफुलीवर भर द्यावा.

कोथिंबीर आणि मेथी : फुलांच्या मध्ये दोन पसरट डबे यांचे हवेतच. मेथी तीन-साडेतीन आठवड्यांत खुडायला येते. शाळेच्या खिचडीवर स्वतः लावलेली कोथिंबीर पडली की एरवी ती ताटात बाजूला काढणारी मुलंसुद्धा खातात.

एक काळजी घ्या. कण्हेर आणि धोतरा ही विषारी झाडं लहान मुलांच्या वावरात नकोत. लाल पानांचा पॉइन्सेटिया दिसायला सुंदर, पण त्याचा चीक त्वचेला आणि डोळ्यांना त्रास देतो. तो ठेवायचाच असेल तर मुलांचा हात पोचणार नाही असा ठेवा.

४) शेवंतीला थंडी आल्याचं कसं कळतं?

हा प्रश्न चौथीच्या वर्गात विचारून बघा. "गार वारं लागतं म्हणून," असं उत्तर हमखास येतं. थंडीचा थोडा वाटा असतो, पण शेवंती खरं तर रात्र मोजते. जूनमध्ये आपल्याकडे दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात तो ११ तासांवर येतो. रात्र पुरेशी लांबली की शेवंतीच्या शेंड्यांवर कळ्या धरू लागतात. दिवस-रात्रीच्या लांबीचा आणि फुलण्याचा हा संबंध गार्नर आणि ॲलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये मांडला. पॉलिहाऊसवाले रात्री दिवे लावून शेवंतीचं फुलणं लांबवतात ते याच कारणाने.

घरी करण्यासारखा प्रयोग : एकाच झाडाच्या फुटव्यांच्या दोन कुंड्या घ्या. सप्टेंबरच्या सुरुवातीपासून एक कुंडी रात्री दहा-अकरापर्यंत दिवा असतो अशा ओट्यावर ठेवा आणि दुसरी परसात, अंधारात. दिवसाचं ऊन आणि पाणी दोन्हींना सारखं. दिव्याखालच्या कुंडीत कळ्या उशिरा धरतात. अंगणातली शेवंती फुलत नाही अशी तक्रार असणाऱ्या पालकांनी रस्त्याच्या दिव्याकडे एकदा बघावं.

५) पाणी किती आणि सुट्टीत काय?

थंडीत झाडं सुकून मरतात त्यापेक्षा जास्त पाण्याने कुजून मरतात. मुलांना एकच नियम शिकवा : बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत घालायचं. ओल लागली तर आज पाणी नाही. कोरडं लागलं तर पाणी, तेही सकाळी.

आमच्याकडे पाणी मोजून वापरावं लागतं. म्हणून तांदूळ आणि डाळ धुतलेलं पाणी आम्ही कुंड्यांना घालतो. हात धुण्याचं पाणी घ्यायचं असेल तर साबणाशिवायचंच.

दिवाळीच्या सुट्टीत सगळ्या कुंड्या सावलीत, एकमेकींना खेटून ठेवा. मध्ये पाण्याने भरलेली बादली थोडी उंचावर ठेवायची. सुती कापडाची जाडसर वात करून भिजवायची, तिचं एक टोक बादलीच्या तळाशी आणि दुसरं कुंडीच्या मातीत दोन इंच खोल. वात पाणी हळूहळू ओढून घेते. केशाकर्षण शिकवायला यापेक्षा चांगलं साधन कुठलं? सुट्टीआधी आठवडाभर वर्गात ही वात लावून, बादली किती दिवसांत उतरते ते मोजून घ्या.

६) एका कुंडीला दोन नावं

आता थोडं वेगळ्या गोष्टीविषयी. आमच्या भागात कुंड्या लावायचा हंगाम आणि ऊसतोडीचा हंगाम एकच. दसरा-दिवाळीच्या सुमारास गाळप सुरू होतं आणि वर्गातली काही मुलं आईवडिलांसोबत फडावर जातात. काही आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात थांबतात, पण सगळ्यांना ते जमत नाही. हजेरीपटावर नाव असतं, जागेवर मूल नसतं. मार्च-एप्रिलमध्ये ते परत येतं तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो आणि ते शेवटच्या ओळीत जाऊन बसतं.

म्हणून आम्ही प्रत्येक कुंडीवर दोन नावं लिहितो. एक जाण्याची शक्यता असलेल्या मुलाचं आणि एक थांबणाऱ्याचं. बी दोघांनी मिळून लावायचं. एक गेला की दुसऱ्याने वहीत आठवड्याला दोन ओळी लिहायच्या : उंची किती, पानं किती, कळी आली का. ज्यांच्या पालकांकडे फोन आहे त्यांना महिन्यातून एकदा कुंडीचा फोटो पाठवायचा आणि सोबत एक प्रश्न : "मागच्या वेळी १४ सेंटिमीटर होती, आता २३ आहे, किती वाढली?"

गेल्या वर्षी तिसरीतला एक मुलगा नॅस्टर्शियम लावून फडावर गेला. डिसेंबरात एका रात्री त्याच्या वडिलांच्या फोनवरून फोन आला. वडील म्हणाले, "बाई, हा झोपंना. विचारतोय, फूल आलं का?" मी सांगितलं, आलंय, केशरी. पलीकडून तो ओरडला, "मी म्हणलं हुतं ना केशरी येणार!" मग उत्तरही सांगितलं, नऊ सेंटिमीटर. कुठे गणित केलं विचारलं तर म्हणाला, मातीत काडीनं.

कुंडीने स्थलांतर थांबत नाही, असा माझा दावाही नाही. त्याचा त्या वर्षीचा अभ्यास बुडाला तो बुडालाच, नंतर उन्हाळ्यात बसून भरून काढावा लागला. पण परत आला तेव्हा तो शेवटच्या ओळीत गेला नाही. आधी व्हरांड्यात गेला, त्याच्या जोडीदाराने जपून ठेवलेली बियांची पुडी घेतली आणि मोजायला बसला. शाळेत आपलं काहीतरी वाट बघत होतं, एवढं त्याला कळलं. आपल्या शाळेत अशी मुलं असतील तर हे जरूर करून बघा. पैसे लागत नाहीत, लागते ती नोंद ठेवायची चिकाटी.

७) रोजची देखभाल

* सुकलेली फुलं देठासकट खुडा. फूल झाडावर वाळलं की झाड आपली ताकद बी भरण्यात घालतं आणि नव्या कळ्या कमी होतात. बियांसाठी शेवटची चार-पाच फुलं राखून ठेवा.
* झेंडूचं रोप वीतभर झालं की शेंडा खुडा. फांद्या फुटतात, फुलं वाढतात.
* ढगाळ हवेत शेवंतीच्या कोवळ्या शेंड्यावर मावा येतो. एक लिटर पाण्यात ५ मिली नीम तेल आणि दोन-तीन थेंब पातळ साबण मिसळून संध्याकाळी फवारा. हे काम मोठ्यांनीच करावं.

८) इयत्तेनुसार अभ्यास

पहिली-दुसरी : बियांचे आकार आणि रंग यांप्रमाणे गट करणे, पानं मोजणे, फुलांची चित्रं.

तिसरी-चौथी : आठवड्याला पट्टीने उंची मोजून तक्ता करणे, झाडाचे भाग, "माझी कुंडी" यावर पाच वाक्ये.

पाचवी-सहावी : मातीच्या मिश्रणातून गुणोत्तर. १० इंची कुंडीत साधारण आठ लिटर मिश्रण मावतं, तर २:१:१ प्रमाणात माती, खत, वाळू किती? उंचीचा स्तंभालेख.

सातवी : वेगवेगळ्या गोल डब्यांचा परीघ दोऱ्याने आणि व्यास पट्टीने मोजून भागाकार करणे. डबा कुठलाही घ्या, उत्तर ३.१४ च्या आसपासच येतं. मुलं दोन-तीनदा मोजून खात्री करतात, करू द्या.

९) महिन्यांचं वेळापत्रक

सप्टेंबर : सावलीची नोंद, डबे गोळा करणे, माती तयार करणे. महिन्याच्या शेवटी झेंडू, नॅस्टर्शियम, कॅलेंड्युलाचं बी व्हरांड्यात पावसापासून जपून लावणे.

ऑक्टोबर : कडक उन्हात कोवळ्या रोपांवर दुपारी आडोसा. जोड्या ठरवून नावं लिहिणे. सुट्टीसाठी वातीची तयारी.

नोव्हेंबर : शेवंती, पिटुनियाची रोपं आणणे. मेथी-कोथिंबीर पेरणे.

डिसेंबर-जानेवारी : फुलांचा बहर. नोंदी, फोटो, चित्रं.

फेब्रुवारी-मार्च : बी गोळा करणे. पूर्ण वाळलेलं बी कागदाच्या पुडीत, वर फुलाचं नाव, तारीख आणि दोघांची नावं. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, ओल राहिली तर बुरशी येते.

पालकांनी घरी दोन कुंड्यांपासून सुरुवात केली तरी पुरे आहे. एक झेंडूची, एक मेथीची. पाणी मुलालाच घालू द्या. थोडं सांडेल, सांडू द्या.

आपल्याकडे थंडीत कोणती फुलं चांगली येतात आणि सुट्टीत पाण्याची काय सोय करता, हे जरूर कळवा. सर्वांच्या अंगणाला शुभेच्छा!