दाताचे कवच एकदाच घडते



रविवारी विहारात वंदना झाल्यावर आम्ही लहान मुलांचे दात पाहतो. मागे एकदा सात वर्षांच्या मुलीच्या नव्या दाढांवर पिवळट-तपकिरी डाग दिसले. एका दाढेचा टवका उडाला होता. शेजारची बाई पटकन बोलली, "पोरगी दातच घासत नाही, आईचे लक्ष नाही." आईने मान खाली घातली आणि एवढेच म्हणाली, "ताई, दाढ निघालीच अशी."

आईचे खरे होते. ते कसे, हे आज समजून घेऊ.

दाताच्या वरच्या पांढऱ्या, चकचकीत कवचाला इनॅमल म्हणतात. शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ. हाडापेक्षाही कठीण. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेटचा असतो. हे कवच दात दिसण्याच्या कितीतरी आधी, हिरडीखाली जबड्यात तयार होते.

आपल्यातले अनेक जण बांधकामावर जातात. स्लॅब टाकताना आधी सेंट्रिंग लावतात, मग माल भरतात, स्लॅब पक्का झाला की सेंट्रिंग काढतात. इनॅमलचेही तसेच. खास पेशी आधी प्रथिनांचा साचा तयार करतात. त्यात खनिजे भरत जातात, मग प्रथिने काढून घेतली जातात आणि कवच कडक होते. हे काम फार सावकाश चालते. दिवसाला जेमतेम ४ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी. दात हिरडीबाहेर आला की या पेशी नष्ट होतात. कारागीरच राहत नाहीत. म्हणून मोडलेले हाड जुळते, पण गेलेले इनॅमल परत येत नाही.

आता वेळापत्रक पाहा. दुधाच्या दातांचे इनॅमल आईच्या पोटात, चौथ्या महिन्याच्या सुमारास सुरू होते आणि बाळ साधारण वर्षाचे होईपर्यंत पुरे होते. सहाव्या वर्षी येणाऱ्या पक्क्या दाढेचे काम जन्माच्या सुमारास सुरू होऊन तिसऱ्या वर्षापर्यंत संपते. पुढच्या पक्क्या दातांचे काम चार-पाच वर्षांपर्यंत चालते. म्हणजे त्या मुलीच्या दाढेत जे कमी पडले, ते ती तीन वर्षांची होण्याआधीच. तेव्हा ती ब्रश धरायलाही शिकली नव्हती.

या काळात काय बिघडते? बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे जन्मणे, कुपोषण, मोठे आजारपण. अशा वेळी पेशींचे काम अडते आणि इनॅमल पातळ, खळग्यांचे किंवा ठिसूळ होते. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची माणसे आपली मेलेली बाळे तिथे घराच्याच जमिनीखाली मातीच्या भांड्यांत पुरत. सुभाष वाळिंबे आणि जॉन ल्यूकाक्स या अभ्यासकांनी अशा बाळांचे दात तपासले. दुधाच्या सुळ्यांवर खळगे सापडले आणि त्यांचा संबंध त्यांनी पोषणाच्या कमतरतेशी जोडला. हाडामांसाचे शरीर गेले, पण उपासमारीची खूण दाताने जपली.

दुसरे कारण पाणी. लहान वयात जास्त फ्लोराइडचे पाणी पोटात गेले तर दातांवर पांढरे, मग तपकिरी पट्टे येतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतील काही गावांत ही अडचण आहे. लिटरला दीड मिलिग्रॅम ही शेवटची मर्यादा. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. आपल्या वस्तीत बऱ्याच मुलांचे दात सारखेच डागाळलेले दिसले, तर हापशा-बोअरचे पाणी तपासून घेण्याचा अर्ज ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेकडे सगळ्यांनी मिळून द्यावा.

घरी एवढे करा:

१. गरोदर बाईला दोन्ही वेळचे पोटभर जेवण आणि विश्रांती मिळू द्या. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या चुकवू नका. ही जबाबदारी एकट्या सुनेची नाही, सगळ्या घराची आहे.

२. बाळाची सगळी लसीकरणे वेळेवर करा. अंगणवाडीत वजन करून घ्या.

३. घरात उरलेल्या गोळ्या मुलांना देऊ नका. टेट्रासायक्लिन गटातील औषधाने घडणाऱ्या दातांचा रंग कायमचा बदलतो. गरोदर बाईला आणि आठ वर्षांखालील मुलांना ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीच नको.

४. राख, कोळसा, विटेची भुकटी यांनी इनॅमल झिजते. मिसरीत तंबाखू असते, ती घरातच नको. फ्लोराइडची साधी पेस्ट वापरा. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. मुलांना ती गिळू देऊ नका.

५. सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे नवी दाढ येते. ती दुधाची नव्हे, पक्की असते. तिच्यावर डाग दिसला तर लगेच दाखवा. कमजोर दाढ वेळीच भरून वाचवता येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत आणि शाळेत येते, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

त्या मुलीच्या दाढेत आता सिमेंट भरले आहे आणि ती चावून जेवते. शेजारच्या बाईला आम्ही हे सगळे समजावून सांगितले. तिची सून पाच महिन्यांची गरोदर आहे. म्हणजे त्या घरातल्या पुढच्या दातांचे काम सुरू झालेले आहे.