सुट्टीतलं शिबिर : शिल्पाचं की दागिन्यांचं?

प्रश्न : मुलगी १२ वर्षांची आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला शिल्पकलेच्या शिबिरात घालावं की दागिने घडवण्याच्या?

उत्तर : शिबिराच्या नावापेक्षा तिथे मुलांकडून काय करून घेतात ते आधी पाहा. तयार साच्यात शाडू दाबला किंवा विकतचे मणी तारेत ओवले की वस्तू होते, पण माध्यमाशी ओळख होत नाही. ती होते माध्यम विरोध करतं तेव्हा. शाडू वाळताना आकसतो; जाड आणि पातळ भाग कमीजास्त वेगाने वाळले की तडा जातो. तांब्याची तार वारंवार वाकवली की कडक होऊन तुटते. तापवली की पुन्हा नरम पडते. पेणच्या मूर्तिकारांचं आणि हुपरीच्या चांदी कारागिरांचं कौशल्य अशाच जाणिवेवर उभं आहे.

दागिन्यांच्या कामात आगीची भीती वाटणं रास्त आहे. चांदी सुमारे ९६२ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे डाग देण्याचं, म्हणजे धातू तापवून सांधा जोडण्याचं, काम शिक्षकांनीच करावं. पण आखणी, ठोकणं, कानशीने घासणं हे मुलगी संरक्षक चष्मा लावून, देखरेखीखाली शिकू शकते. थोड्या दिवसांत सुबक काही होणार नाही, हा आक्षेपही खरा आहे. मात्र ओबडधोबड वस्तूतला प्रत्येक निर्णय तिचा असतो, आणि शिक्षण तिथेच घडतं. म्हणून यंदा मातीच निवडा. न भाजलेला शाडू भिजवून पुन्हा वापरता येतो, त्यामुळे चुकण्याची धास्ती राहत नाही. हाताला घडणीचा अंदाज आला की पुढच्या वर्षी धातूकडे वळू द्या.