जुन्या फाइलीतील ओव्या

मोडी न जाणणाऱ्यापुढे जुने दप्तर ठेवले असता त्याची जी अवस्था होते, तीच अवस्था अवघ्या वीस-बावीस वर्षांपूर्वी संगणकावर टाइप केलेला मराठी मजकूर उघडताना होऊ शकते, याचा प्रत्यय मला यंदा आला. त्या अनुभवाच्या आधारे या विषयाचा थोडा परामर्श प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

लातूरच्या एका सेवानिवृत्त प्राध्यापकांनी २००३ च्या सुमारास चाकूर-अहमदपूर भागातील स्त्रियांकडून जात्यावरच्या ओव्या टिपून घेतल्या आणि गंजगोलाईजवळच्या एका दुकानात टाइप करविल्या. वह्यांना पुढे वाळवी लागली. उरली ती एक सीडी. एम. ए. च्या प्रकल्पासाठी सरांनी ती माझ्या स्वाधीन केली. नांदेडला आल्यावर नव्या, विंडोज ११ असलेल्या संगणकावर फाइल काही केल्या उघडेना. एका प्रतीतला मजकूर कसाबसा बाहेर काढला, तर इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी! ज्या स्त्रियांनी त्या ओव्या सांगितल्या, त्यांतल्या बहुतेक आज हयात नाहीत. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी वजिराबादेतील एका डी. टी. पी. वाल्या काकांना दाखविले. ते म्हणाले, "ताई, फाइल गेली नाही. तिचा फॉन्ट ह्या मशीनला ठाव नाही, अन् पेजमेकरबी नाही."

म्हणजे दुखणी दोन होती. पहिले प्रोग्रामचे. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, सातवी, २००१ ची. पुढे विंडोज बदलत गेली. तिच्या ६४-बिटी आवृत्त्यांवर जुने १६-बिटी प्रोग्राम मुळीच चालत नाहीत, आणि विंडोज ११ ला तर ३२-बिटी आवृत्तीच नाही.

दुसरे दुखणे अधिक खोल आहे. त्या काळचे मराठी फॉन्ट म्हणजे एक प्रकारचे सोंगच होते. संगणकाच्या लेखी तेथे इंग्रजी अक्षरेच साठविलेली असत. फॉन्ट फक्त त्या जागी 'क', 'ख', काना, वेलांटी यांची चित्रे दाखवी. कोणते चित्र कोणत्या जागी, हे प्रत्येक कंपनीने आपापल्या सोयीने ठरविले. वास्तविक १९९१ सालीच भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे मानक आले होते, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची आणि तीत देवनागरी होती. पण छपाईच्या दुकानांनी आपला फॉन्ट सोडला नाही. गिऱ्हाइकाला लग्नपत्रिका संध्याकाळी हवी असे, मानक नव्हे!

काकांनी सुचविलेला उपाय असा : नव्या संगणकाच्या पोटात व्हर्च्युअलबॉक्स या मोफत प्रोग्रामने एक काल्पनिक संगणक उभा करावयाचा आणि त्यात जुनी विंडोज एक्सपी, पेजमेकर व तोच फॉन्ट बसवावयाचा. एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ पासून बंद असल्याने या आतल्या संगणकाला इंटरनेट जोडू नये. काकांकडे जुन्या सीड्या जपून ठेवलेल्या होत्या. फाइल उघडली आणि पहिली ओवी पडद्यावर आली, तेव्हा आम्ही दोघेही काही वेळ बोललो नाही.

आधी सर्व पाने छापून घेतली. मग मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणला, आणि खरे काम तेथून सुरू झाले. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठविलेली असते, युनिकोडमध्ये व्यंजनानंतर. 'सर्प' मधला रफार तिकडे 'प' नंतर, इकडे 'र्' म्हणून 'प' च्या आधी. परिवर्तक ही अदलाबदल करतो, पण जोडाक्षर आले की चुकतो. 'वाऱ्या' मधल्या अर्ध्या 'र' ने तर मला रडविले. छापील पानाशी ओळ न् ओळ ताडून पाहणे, याला दुसरा मार्ग मला दिसला नाही.

त्यातच माझ्या हातून एक चूक घडली. 'पानी', 'कोन' ही रूपे परिवर्तकाने बिघडविली असे समजून मी सर्वत्र 'ण' केला. लातूरला सरांना वाचून दाखविले तेव्हा त्यांनी मध्येच थांबविले. "अगं, ती बाई 'पानी'च म्हणाली होती." छापील पानांवरही 'पानी'च होते, मी ते पाहूनही पाहिले नव्हते. सगळे पुन्हा बदलले.

चार ठिकाणी मात्र छापील पानावरही अक्षर लागत नाही. टाइप करतानाच काही राहिले असावे. सांगणाऱ्यांपैकी एक आजी चाकूरजवळ आहेत. दिवाळीच्या सुट्टीत सर आणि मी त्यांच्याकडे जाणार आहोत.