मण्यांत बसवलेल्या पेशी

सदाफुली तुम्ही ओळखताच. तिच्या पानांपासून रक्ताच्या कर्करोगावरील व्हिन्क्रिस्टीन हे औषध मिळते. पण ते इतके थोडे असते की, एका ग्रॅमसाठी शेकडो किलो वाळलेली पाने लागतात. औषध तयार होते ते पेशीत. मग सारे झाड कशाला? नुसत्या पेशीच वाढवल्या तर?

पेशी वाढवता येतात. वनस्पतीचा निर्जंतुक केलेला तुकडा साखर, क्षार व संप्रेरके असलेल्या माध्यमात ठेवला की पेशींचे पुंजके तयार होतात. परंतु या पेशी नाजूक असतात. द्रव जोराने ढवळला तर त्या फुटतात आणि द्रव काढून घेताना वाहून जातात.

1979 मध्ये स्वीडन व पश्चिम जर्मनीतील ब्रोडेलियस, मोसबाख, झेंक आदी शास्त्रज्ञांनी सदाफुली, बारतोंडी व डिजिटॅलिस यांच्या पेशी जेलमध्ये बसवून दाखवल्या. कृती सोपी आहे. तपकिरी सागरी शेवाळापासून मिळणाऱ्या सोडियम अल्जिनेटच्या द्रावणात पेशी मिसळायच्या आणि ते मिश्रण कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात थेंबथेंब सोडायचे. अल्जिनेटच्या लांब साखळ्यांवर ऋण प्रभार असतो. कॅल्शियमच्या आयनावर दोन धन प्रभार असल्याने तो शेजारच्या साखळ्यांना एकत्र बांधतो. प्रत्येक थेंबाचा मणी बनतो. पेशी आत अडकतात. साखर, ऑक्सिजन व लहान रेणू मात्र ये-जा करतात. तेच मणी पुनःपुन्हा वापरता येतात.

मणी केवढा असावा? येथे भौतिकशास्त्र मदतीला येते. जेलमध्ये रेणू विसरणाने, म्हणजे इकडेतिकडे धडपडत, पुढे सरकतात. अंतर दुप्पट झाले की वेळ चौपट लागतो. पाण्यात ऑक्सिजनच्या रेणूला अशा रीतीने 1 मिलिमीटर जाण्यास सुमारे 4 मिनिटे लागतात, तर 1 सेंटिमीटरला सुमारे 7 तास! मोठ्या मण्याच्या मध्यभागी असलेल्या पेशी गुदमरतात, म्हणून मणी काही मिलिमीटरचेच करतात.

तरीही दोन अडचणी उरतात. एक म्हणजे, बऱ्याच पेशी आपले उत्पादन बाहेर न सोडता रिक्तिकेत साठवून ठेवतात. दुसरी अधिक मूलभूत आहे. सदाफुलीच्या अशा पेशी अजमॅलिसीन हे अल्कलॉइड देतात. पण व्हिन्क्रिस्टीनचा एक घटक, व्हिंडोलीन, तयार होण्यास पानातील विशिष्ट पेशी लागतात. पुंजक्यातील पेशींना तशी कामाची वाटणी नसते. म्हणजे, सुटी पेशी झाडाची सगळीच कामे करू शकत नाही.

आता हे करून पाहा : मण्याची त्रिज्या 1 ऐवजी 3 मिलिमीटर केली, तर केंद्रापर्यंत ऑक्सिजन पोहोचण्यास किती पट वेळ लागेल?