धूळ समजलो, ती भुरी होती

मुलुंड पश्चिमेला एलबीएस मार्गालगत आमची सोसायटी. समोर मेट्रोचं काम चाललेलं. दिवसातून दोनदा फडकं मारलं तरी टेबलावर बोटानं नाव लिहिता यायचं. अशात जानेवारीत कुंपणाजवळच्या आंब्याच्या मोहोरावर पांढरी पूड दिसली. सिमेंटची धूळ, दुसरं काय! गाड्या धुण्याचा पाइप घेतला आणि संध्याकाळी मी मोहोर धुऊन काढला.

आठवडाभरात दांडे तपकिरी पडले. आधीच दवाच्या रात्री, त्यात माझं पाणी. पूड म्हणजे भुरी ही बुरशी होती, तिच्या जोडीला करपा रोगाचे काळे ठिपकेही आले. वॉचमन सकाळी झाडाखालून मोहोराचा नुसता भुगा गोळा करायचा. तळमजल्यावरचे देवगडकडचे काका म्हणाले, "अहो, धूळ काय मोहोर निवडून बसते?"

त्यांनी एका वाक्यात निदान केलं. धूळ कठड्यावर, स्कूटरवर, जुन्या पानांवर सारखीच बसते. भुरी जून पानं सोडते आणि कोवळा मोहोर, वाटाण्याएवढी फळं धरते. मळभ आणि थंड रात्री तिला मानवतात. स्कूटरच्या सीटवर चिकटा आणि पानांवर काजळी दिसली, तर मात्र मूळ दुखणं तुडतुडे या किड्यांचं. काजळी त्यांच्या चिकट्यावर वाढते, तिथे नुसतं बुरशीनाशक मारून भागत नाही.

भुरीसाठी पाण्यात मिसळणारं 80 टक्क्यांचं गंधक, 10 लिटर पाण्याला 20 ग्रॅम. नाहीतर 5 टक्क्यांचं हेक्झाकोनॅझोल 5 मिली. दोन्हींपैकी एकच घ्या, पुढच्या खेपेला दुसरं. फवारणी मोहोराचे बोंगे फुटल्यावर, पण फुलं उमलण्याआधी, सकाळी करायची. भर उन्हात गंधकानं मोहोर भाजतो. ऐन फुलोऱ्यात मारलं तर परागीकरण करणाऱ्या माश्या जातात, आणि मग फळ कुठून धरणार? तोंडाला फडकं, हातात मोजे हवेतच.

आतल्या फांद्या विरळ केल्या की हवा खेळते. पण झाड सोसायटीचं असलं तरी छाटणीला महापालिकेची परवानगी लागते, कोयता त्यानंतर.

फवारणीची सूचना आदल्या दिवशी फलकावर लावा. तरीही सकाळी स्वतः फिरून खिडक्या आणि दोरीवरचे कपडे बघा. आमच्याकडे फलक कोणी वाचत नाही.